‘गिफ्ट’: रकान्यात लग्न, डब्यावर विष

स्वीडिश अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात दोन शब्द भेटतात, ‘गिफ्ट’ आणि ‘ओगिफ्ट’. पहिला म्हणजे विवाहित, दुसरा अविवाहित. त्याच भाषेत उंदराच्या औषधाच्या डब्यावर ‘रोटगिफ्ट’ छापलेलं असतं आणि तिथे हाच शब्द विष होतो. स्पेलिंग एक आणि उच्चारही एक. स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणूस तो ‘यिफ्ट’ असा करतो, डॅनिश माणूस ‘ग’ कायम ठेवतो. (पुढे सोयीसाठी सगळीकडे लिखाणाप्रमाणे ‘गिफ्ट’च.) जर्मनमध्ये लग्नाचा अर्थ नाही, विषाचा आहे, वाढदिवसाच्या भेटीला तिथे ‘गेशेंक’ म्हणतात. डचमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, अगदी आयकराच्या विवरणपत्रात दाखवतात ती. इंग्रजीतला अर्थ सांगायला नको.

इंग्रज पाहुणा जर्मनीत ‘गिफ्ट’ लिहिलेली बाटली खुशीत घरी नेतो, हा विनोद जुना आहे आणि काही कामाचा नाही. त्या बाटलीवर कवटी असते. घोटाळे होतात ते जोडशब्दांत, कायद्याच्या परिभाषेत आणि रसायनांच्या 2010 नंतर बदललेल्या लेबलांवर.

मूळ सगळ्यांचं एकच: ‘देणे’ या क्रियापदापासून झालेलं नाम, म्हणजे ‘दिलेलं ते’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भेट असा सैल नव्हता. वधूसाठी दिलं जाणारं मोल, आणि अनेकवचनात चक्क लग्न. आजचा इंग्रजी शब्द, त्यातल्या कडक ‘ग’सकट, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीचा ठसा घेऊन आहे. जर्मनमध्येही हा शब्द आधी देण्याचाच होता. त्याचा पुरावा आजही जिवंत आहे: ‘मिटगिफ्ट’, म्हणजे मुलीसोबत दिलेलं, आपल्याकडचा हुंडा. ‘मिटगिफ्ट’ स्त्रीलिंगी राहिला, कारण मूळ ‘गिफ्ट’ स्त्रीलिंगी होता. विषाचा ‘गिफ्ट’ मात्र पुढे नपुंसकलिंगात स्थिरावला. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात तो पुल्लिंगी होऊन ‘राग’ या अर्थानेही बोलण्यात येतो.

देण्याचं विष कसं झालं याची दोन स्पष्टीकरणं आहेत आणि ती एकमेकांना छेदत नाहीत. पहिलं वैद्यांचं. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं, दिलेली मात्रा. लॅटिन वैद्यकातून तो सगळीकडे गेला आणि जर्मन भाषकांनी त्याचं सरळ भाषांतर ‘गिफ्ट’ असं केलं. आपला ‘दान’ ज्या धातूचा, त्याच धातूचा हा ‘डोसिस’. 1538 मध्ये एका स्विस वैद्याने आपल्या बचावात लिहिलं की सगळ्याच वस्तू विष आहेत, विष ठरवते ती फक्त मात्रा. त्याच्या जर्मन वाक्यात ‘गिफ्ट’ आणि ‘डोसिस’ शेजारी येतात, म्हणजे मुळाशी जाऊन वाचलं तर देण्याचं देणं ठरवतं ते देणंच.

दुसरं स्पष्टीकरण आडून बोलण्याचं. विषाचं नाव घ्यायचं नाही, ‘काहीतरी दिलं’ एवढंच म्हणायचं. याला आधार आहे: आज ‘क्षमा करणे’ असा अर्थ असलेलं जर्मन क्रियापद ‘फेरगेबेन’ मध्ययुगात ‘विष घालणे’ या अर्थानेही चालत होतं. इंग्रजीतला विषाचा शब्दही लॅटिनमधल्या ‘पेय’ या शब्दावरून आला. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. शेतावर आपण कीटकनाशक ‘मारतो’ तेव्हा म्हणतो ‘औषध मारलं’. बातम्यांत ‘विषारी औषध’ हा जोड नेहमीचा, आणि त्यातला विरोधाभास कुणाला खटकत नाही.

‘गिफ्ट’ येण्याआधी विषाला जर्मानिक भाषांत वेगळा शब्द होता. आइसलँडिकने तो ‘एइतुर’ म्हणून जपला, म्हणून तिथे हा गोंधळ नाही. तिथे ‘गिफ्तुर’ म्हणजे फक्त विवाहित. जर्मनमध्ये तोच जुना शब्द घसरत घसरत जखमेतल्या पुवावर येऊन थांबला. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे यांनी विषाचा अर्थ उत्तर जर्मनीच्या व्यापारी बोलीतून घेतला. लग्नाचा अर्थ तिथे आधीपासून होता: मुलगी ‘दिली’ जाते. स्वीडनच्या 1734 च्या कायद्यात मुलीचं लग्न लावून देण्याचा हक्क असलेल्या पालकाला ‘गिफ्टोमान’ म्हटलं आहे. कन्यादान हा शब्द वापरणाऱ्या भाषेला हे समजावून सांगायला नको.

1987 च्या स्वीडिश विवाह कायद्याने स्वतःच्या नावातून हा शब्द काढला, पण आतल्या परिभाषेत ठेवला. घटस्फोटात दोघांमध्ये वाटली जाणारी मालमत्ता अजूनही ‘गिफ्टोरेट्सगोड्स’ आहे. तुकडे पाडून वाचणाऱ्याला त्यात विष, हक्क आणि माल दिसतो. तिथे मधला ‘ओ’ पाहायचा: ‘गिफ्टो’ने सुरू होणारे कायद्यातले शब्द लग्नाच्या घरचे.

नवख्या भाषांतरकाराची खरी फजिती ‘आव’ या उपसर्गापाशी होते. स्वीडिशमध्ये ‘आवगिफ्ट’ म्हणजे शुल्क, ‘उतगिफ्ट’ म्हणजे खर्च, ‘उपगिफ्ट’ म्हणजे काम किंवा माहिती. तिघांतही विष नाही, जुनं ‘देणं’ आहे. पण ‘आवगिफ्टा’ हे क्रियापद म्हणजे विष उतरवणे, आणि ‘आवगिफ्टनिंग’ म्हणजे व्यसनमुक्तीतली विषमुक्तीची प्रक्रिया. ‘आवगिफ्टस्फ्री’ पार्किंग म्हणजे फुकट पार्किंग. ‘गिफ्टफ्री’ भाजी म्हणजे विषमुक्त भाजी. दोहोंत फरक उपसर्गाचा, आणि जोडणाऱ्या ‘स’चा. ‘आवगिफ्ट’नंतर ‘स’ आला की पैशाचा मामला, ‘न’ आला की दवाखान्याचा.

डच भाषेने आपला गुंता एक अक्षर गाळून सोडवला. देणगीला ‘गिफ्ट’, विषाला ‘गिफ’. पण विशेषणात ‘ट’ राहून गेला: विषारी म्हणजे ‘गिफ्टिग’. शिवाय ‘फेरगिफ’ आणि ‘फेरगिफ्ट’ ही दोन्ही रूपं विषासाठी चालतात, आणि ‘फेरगिफेनिस’ म्हणजे क्षमा. जर्मन क्रियापदाचा जुना दुहेरी अर्थ इथे दोन शब्दांत वाटला गेला.

आता लेबलांकडे. वाद खरा इथे आहे. 1967 पासून चालत आलेल्या युरोपीय नियमांत तोंडावाटे घातक पदार्थांचे तीन गट होते. मोजमाप एलडी 50 चं, म्हणजे ज्या मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती, शरीराच्या दर किलो वजनामागे. 25 मिलिग्रॅमपर्यंत ‘अतिविषारी’, 25 ते 200 ‘विषारी’, 200 ते 2000 ‘अपायकारक’. पहिल्या दोघांवर नारिंगी चौकोनात कवटी, तिसऱ्यावर काळी फुली. जर्मन डब्यावर शब्दांची उतरण सरळ होती: ‘झेअर गिफ्टिग’, ‘गिफ्टिग’, आणि मग विषाचा उल्लेख नसलेला शब्द. स्वीडिशमध्येही तसंच. डचमध्ये ‘फेरगिफ्टिग’ वापरत.

2009 च्या जानेवारीत 1272/2008 क्रमांकाचा नवा नियम लागू झाला. निव्वळ पदार्थांना 1 डिसेंबर 2010 पासून, मिश्रणांना 1 जून 2015 पासून नवं वर्गीकरण बंधनकारक झालं. आधीच बाजारात असलेल्या मिश्रणांना 2017 च्या जूनपर्यंत मुभा होती. गट चार झाले: 5 पर्यंत, 5 ते 50, 50 ते 300, 300 ते 2000. आणि लेबलवर छापायची धोक्याची ठरलेली, क्रमांक दिलेली वाक्यं बदलली. पहिल्या दोन गटांना, म्हणजे सर्वांत जहाल पदार्थांना, एच 300 हे वाक्य मिळालं. जर्मनमध्ये ते ‘गिळल्यास जिवाला धोका’ अशा अर्थाचं आहे, डच आणि स्वीडिशमध्ये ‘गिळल्यास प्राणघातक’. ‘गिफ्टिग’ हा शब्द उरला फक्त तिसऱ्या गटात, एच 301 मध्ये.

याचे परिणाम दोन्ही टोकांना झाले. एलडी 50 जर 30 असेल, तर तो पदार्थ आधी ‘गिफ्टिग’ होता, आता त्याच्या मुख्य वाक्यात विष हा शब्दच नाही. 250 असेल, तर आधी तो नुसता अपायकारक होता, फुलीवाला. आता त्यावर कवटी आली आणि तो ‘गिफ्टिग’ झाला. बाटलीत काही बदललं नाही. जगभर एकसारखी मोजपट्टी हवी हे कारण मान्यच आहे, आणि ‘प्राणघातक’ हा शब्द ‘विषारी’पेक्षा सौम्य नाही हेही खरं. तरीही ज्या शब्दाला शेकडो वर्षं लोक दचकत आले, तो सर्वांत जहाल बाटलीवरून उतरवून मधल्या पायरीवर ठेवणं हे मोजपट्टीच्या सोयीचं होतं, वाचणाऱ्याच्या सोयीचं नव्हे. शिवाय जलचरांच्या वाक्यात जुना शब्द तसाच राहिला. एच 400 आणि एच 410 जर्मनमध्ये आजही पाण्यातल्या जिवांना ‘झेअर गिफ्टिग’ असंच सांगतात. क्लोरीनवाल्या काही सफाईच्या द्रव्यांवर ते दिसतं. शेजारी पोटॅशियम सायनाइडची बाटली ठेवली, तर तिच्यावरही ‘झेअर गिफ्टिग’ सापडेल, पण ते माशांसाठी. माणसासाठी ‘जिवाला धोका’.

भारतातल्या कीटकनाशकांचं लेबल या बाबतीत ढोबळ पण वाचायला सोपं आहे. 1971 च्या नियमांनुसार चौकटीतल्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहायचा: एलडी 50 चा आकडा 50 पर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, पुढे हिरवा. लाल आणि पिवळ्या दोन्हींवर विषाचा शब्द, कवटी फक्त लालवर. म्हणजे 250 चा पदार्थ इथे पिवळा आणि कवटीविना, युरोपात कवटीसह. दोन्हीकडे माल विकणाऱ्याने एका लेबलवरून दुसरं बनवू नये, आकड्यावरून बनवावं.

लेबल करणाऱ्यांसाठी आणखी काही. युरोपात लेबल त्या त्या देशाच्या अधिकृत भाषेत लागतं, आणि एच-वाक्यं भाषांतरित करायची नसतात. नियमाच्या परिशिष्टात प्रत्येक भाषेतली ठरलेली ओळ दिली आहे, ती उचलायची. जर्मन ओळ शब्दशः इंग्रजीत नेली की ‘जिवाला धोका’ येतं, आणि ठरलेली इंग्रजी ओळ आहे ‘प्राणघातक’. 3 लिटरपर्यंतच्या पॅकवर लेबल शक्यतो निदान 52 बाय 74 मिलिमीटरचं हवं. त्यात चार भाषा बसवताना अक्षर बारीक होतं आणि चुका याच जागी होतात. संकेतशब्दांतही फसगत असते. पहिल्या तीन गटांना जर्मनमध्ये ‘गेफार’ (धोका), चौथ्याला ‘आख्टुंग’ (सावधान). स्वीडिशमध्ये ‘फारा’ आणि ‘वार्निंग’. किरकोळ विक्रीच्या विषारी मालावर स्पर्शाने कळणारा उंचवट्याचा त्रिकोणही लागतो, अंध वापरणाऱ्यासाठी. त्याला कुठलीच भाषा लागत नाही.

विषबाधा झाल्यास फोन कुठे करायचा, त्या ओळीत केंद्राचं नाव कॅपिटल अक्षरांत असतं. जर्मनमध्ये तिथे ‘गिफ्टइन्फॉर्मात्सिओन्सत्सेंट्रुम’, स्वीडिशमध्ये ‘गिफ्टइन्फॉर्मात्शूनसेंट्राल’, डचमध्ये ‘अँटिगिफसेंट्रुम’. डच ओळीत ‘ट’ नाही. जर्मन मजकुरावरून घाईने ती जुळवणारे तो हमखास घालतात.