ब्रेकची डिस्क: लेथ मारायची की बदलायची, या वादाची पार्श्वभूमी

गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅडनी दोन्ही बाजूंनी आवळून थांबवल्या जाणाऱ्या तबकड्या, बदलायच्या झाल्या की दुकानात कंपनीच्या खोक्यातली, पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाची, स्वस्त लोकल आणि भोकं पाडलेली अशा चार तऱ्हा समोर येतात. त्याआधी गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: लेथ मारून, म्हणजे यंत्रावर वरचा थर कातून पृष्ठभाग सपाट करून, चालेल का? एकेकाळी याचं उत्तर बिनदिक्कत ‘हो’ असायचं.

डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये 1902 सालचं. 1953 ची ले मान्स शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली आणि 1955 पासून फ्रान्समध्ये घरगुती गाडीला पुढे डिस्क येऊ लागल्या. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीचं बहुतेक आयुष्य चारही चाकांच्या ड्रमवर, म्हणजे बंद डब्यासारख्या जुन्या ब्रेकवर गेलं. पुढे डिस्क, मागे ड्रम ही मांडणी सर्रास झाली ती नव्वदच्या दशकात.

दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. जुन्या पॅडमधलं ॲस्बेस्टॉस डिस्कला फारसं खात नसे. ते फुप्फुसांना घातक ठरलं, युरोपीय संघात 2005 पर्यंत त्यावर पूर्ण बंदी आली, आणि जागी आलेल्या धातुमिश्रित पॅडनी डिस्क झिजवायला सुरुवात केली. दुसरीकडे, इंधन वाचवण्यासाठी गाड्या हलक्या झाल्या आणि डिस्कची जाडी कमी झाली. आता 22 मिमीच्या नव्या डिस्कवर किमान जाडी बहुधा 20 मिमी कोरलेली असते; त्याखाली डिस्क वापरायची नाही. या 2 मिमीत पॅडमुळे होणारी डिस्कची झीजही आली आणि लेथही.

‘डिस्क वाकली, बदला’ हे निदान या काळात रुळलं, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं तेव्हा बिडाची डिस्क उष्णतेने वाकलेली असते, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजाची पापडी असते किंवा चाकाचे नट एअरगनने कमीजास्त आवळलेले असतात. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते. पाच-सात शतांश मिमीचा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण पेडलवर पाय नसतानाही दर फेऱ्याला डिस्क त्याच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग पातळ होतो आणि थरथर सुरू होते. हब न घासता नवी डिस्क चढवली तर तीही त्याच वाटेने जाते, आणि दोष मात्र डिस्कच्या ब्रँडवर येतो.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून डिस्क न उतरवता गाडीवरच चालणारं लेथ आलं. ते हबच्या फिरण्याशी जुळवूनच डिस्क कातायचं. आपल्याकडे डिस्क उतरवून वर्कशॉपला धाडायची पद्धत. तिथला पृष्ठभाग सरळ येतो, पण हबचा तिरकेपणा तसाच राहतो. शिवाय पातळ झालेली डिस्क लवकर तापते. लेथ मारून झाल्यावर जाडी किमान आकड्याच्या बरीच वर राहत असेल तरच तो खर्च सार्थकी लागतो. आकड्याच्या जवळ जाणार असेल तर जोडी बदलावी, आणि दोन्ही बाबतींत हब तारेच्या ब्रशने साफ करून तिरकेपणा मोजणारं डायल गेज लावायला सांगावं. ते पाच मिनिटांचं काम खोक्यावरच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं.

नवी घेताना रोजच्या गाडीला साधी, सपाट, जास्त कार्बनच्या बिडाची डिस्क उत्तम; ती उष्णता चांगली वाहते आणि आवाजही कमी करते. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर मधल्या भागाला गंजरोधक लेप असलेली घ्यावी. भोकं शर्यतीच्या जुन्या पॅडमधून निघणाऱ्या वायूसाठी होती. आजच्या पॅडना त्यांची गरज नाही आणि तडे भोकाच्या काठापासूनच सुरू होतात.

युरोपात 2016 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांसाठी बदली डिस्कलाही मान्यता लागते. 2024 मध्ये मंजूर झालेल्या नियमांनी तर ब्रेकच्या धुळीवरच मर्यादा घातली: इंजिनच्या कारला किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या कारला 3. त्यासाठी डिस्कवर अतिकठीण धातूचा पातळ थर चढवला जातो आहे. लेथ मारली की तो थरच निघून जातो, त्यामुळे या डिस्कपुरता प्रश्न बदलण्याचाच उरतो.