'जे'चा आकडा कोणी ठरवायचा? समांतर बिल्डची पार्श्वभूमी

लिनक्सवर पॅकेज बांधताना, म्हणजे सोर्स कोडपासून इन्स्टॉल करण्याजोगा प्रोग्राम तयार करताना, टर्मिनलवर 'किल्ड' एवढाच शब्द उमटून काम थांबलं, की पहिला संशय सोर्स कोडवर जातो. बहुतेकदा कोड निर्दोष असतो. एका वेळी किती कामं चालवायची, तो आकडा चुकलेला असतो. तो कुठे लिहायचा याचं उत्तर डेबियन या लिनक्सच्या प्रकारात एक, जेंटू या दुसऱ्या प्रकारात दुसरं, आणि निक्स या पॅकेज व्यवस्थापकात तर आकडेच दोन. असं का, हे कळायला मेक या बिल्ड करणाऱ्या जुन्या साधनापासून सुरुवात करावी लागते.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकफाइलमध्ये सांगायचं, क्रम मेक लावतं. ज्या फाइलींचा एकमेकींशी संबंध नाही त्या एकदम कंपाइल करता येतात, हे त्यातच आलं. पण प्रोसेसर एकच असायचा, त्यामुळे मेक वरून खाली एकेक काम उरकत जाई आणि लिहिणारेही त्या क्रमावर विसंबू लागले. पुढची निम्मी दुखणी या सवयीतली आहेत.

नेहमीचं उदाहरण यॅकचं, म्हणजे व्याकरणावरून सी कोड तयार करणाऱ्या साधनाचं. व्याकरणाच्या फाइलीपासून यॅक एक हेडर तयार करतं आणि मुख्य सी फाइल ते हेडर वापरते. पण मेकफाइलमध्ये हे अवलंबित्व लिहायचं राहून गेलेलं असतं. ओळीने चाललं तर हेडर आधीच तयार असतं, निव्वळ योगायोगाने. मेकला '-जे ८', म्हणजे एका वेळी आठ कामं चालव, असं सांगितलं की कंपाइलर यॅकच्या आधी पोचतो आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून थांबतो. तीच आज्ञा पुन्हा दिली की बिल्ड निमूट पार पडतं, कारण एव्हाना हेडर तयार झालेलं असतं. 'दुसऱ्यांदा चालवा, होतं' हा सल्ला जिथे ऐकू येईल तिथे हीच चूक शोधावी.

बर्कलेत अ‍ॅडम डी बूर यांनी स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पीमेक लिहून समांतर बिल्ड प्रत्यक्षात आणलं. ग्नू मेक या मेकच्या मुक्त आवृत्तीतही '-जे' आलं. (आकड्याशिवाय नुसतं '-जे' दिलं तर मर्यादाच नसते. मोठ्या प्रकल्पावर हे एकदा करून पाहिलेला माणूस पुन्हा करत नाही.) मग अडचण आली पोटमेकची, म्हणजे मेकने स्वतःच सुरू केलेल्या दुसऱ्या मेकची. मुख्य मेक आठ डिरेक्टरींत आठ मेक सोडतं आणि प्रत्येक जण आपापली आठ कामं काढतो, म्हणजे चौसष्ट. १९९९ च्या ३.७८ आवृत्तीतल्या जॉबसर्व्हरने हे आवरलं. मुख्य मेक एका पाइपमध्ये (प्रक्रियांना जोडणाऱ्या नळीत) आकड्याहून एक कमी इतकी टोकनं टाकतं. प्रत्येक मेकला एक काम फुकट. त्यापुढच्या प्रत्येक कामाला टोकन उचलायचं आणि काम झालं की परत टाकायचं. एकेरी रेल्वेमार्गावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय गाडी पुढे निघत नाही, तसंच. मात्र नियमात पोटमेक व्हेरिएबलमधून न बोलावता थेट 'मेक' असं नाव लिहिलं, तर पाइप त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग 'जॉबसर्व्हर अनअव्हेलेबल' अशी सूचना येते आणि ते पोटमेक एकेक काम करत बसतं.

२००५ मध्ये दुहेरी कोरचे प्रोसेसर घरगुती बाजारात आले आणि प्रश्न पॅकेज बांधणाऱ्यांच्या दारात आला. आकडा पॅकेजच्या कृतीतच लिहिला तर नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या ६४ कोरांच्या सर्व्हरला तो अपुरा आणि तिथल्याच महाल भागातल्या घरच्या चार कोरांच्या लॅपटॉपला जड. म्हणून जबाबदारी विभागली गेली: आकडा मशीनवाल्याने द्यायचा, आणि हे पॅकेज समांतर चालतं की नाही ते पॅकेजवाल्याने सांगायचं. डेबियनमध्ये आकडा 'डेब_बिल्ड_ऑप्शन्स'मध्ये 'पॅरलल=८' असा जातो, आरपीएम या दुसऱ्या पॅकेज पद्धतीत मॅक्रोतून. सुरुवातीला पवित्रा सावध होता: पॅकेजने 'मी सुरक्षित' म्हटलं तरच समांतर. पुढे तो उलटला. डेबहेल्पर या डेबियनच्या पॅकेजिंग साधनाच्या, २०१६ मध्ये आलेल्या, दहाव्या पातळीपासून समांतर हेच गृहीत धरलं जातं, नको असेल तर तसं लिहावं लागतं. हे बरंच झालं. लपलेल्या चुका त्याशिवाय वर आल्या नसत्या. डेबियनचं पॅकेज बांधणाऱ्या डीपीकेजी-बिल्डपॅकेज या आज्ञेचे लहान आणि मोठे 'जे' मात्र १.२१.१० आवृत्तीच्या आधी सारखे नव्हते. लहान जे मेकफ्लॅग्जमध्ये (मेकला पर्याय पोचवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) आकडा घालून पॅकेजवर लादायचा, मोठा जे फक्त कळवायचा; त्या आवृत्तीपासून दोन्ही फक्त कळवतात. जुन्या आवृत्तीवर अनोळखी पॅकेजला मोठाच द्यावा.

'कोर अधिक एक' हा जेंटूतला जुना मंत्र. डिस्कची वाट बघण्यात कंपाइलरचा वेळ जायचा, त्या काळात तो ठीक होता. आता अडतं मेमरीशी. जड सी++ फाइलीला दोन जीबी लागू शकतात. १६ थ्रेड (प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो ती कामं) आणि १६ जीबीच्या मशीनवर '-जे १६' म्हणजे ३२ जीबीची मागणी. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखादा कंपाइलर मारतो आणि तो 'किल्ड' उमटतो. म्हणून थ्रेडची संख्या आणि रॅमचे जीबी भागिले दोन, यांत जे लहान ते घ्यावं: इथे आठ, डेस्कटॉप चालू असेल तर सात. ओपनसूसे या लिनक्सच्या प्रकाराने हाच हिशेब 'लिमिट_बिल्ड' मॅक्रोत घातला आहे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, लॅपटॉप तापून घड्याळगती उतरवतो. तेव्हा सोळा आणि आठ यांच्या वेळेत फारसा फरकही उरत नाही.

निक्समध्ये 'मॅक्स-जॉब्स' म्हणजे एका वेळी किती पॅकेजेस, आणि 'कोर्स' म्हणजे प्रत्येकाला किती कामं. कोर्स शून्य म्हणजे सगळे. चार आणि शून्य दिलं की १६ थ्रेडच्या मशीनवर ६४ प्रक्रिया: पोटमेकचा गुणाकार एक मजला वर जाऊन पुन्हा हजर. निंजा हा मेकसारखाच बिल्ड करणारा प्रोग्रामही २०२५ च्या १.१३ आवृत्तीपर्यंत जॉबसर्व्हरची टोकनं मानत नव्हता. मेकच्या पोटात चालवला की स्वतःच्या हिशेबाने कोर अधिक दोन कामं काढायचा. कंटेनरला (मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणाला) चारच कोरांचा कोटा दिला तरी कोर मोजणाऱ्या एनप्रॉक या आज्ञेची जुनी आवृत्ती यजमान मशीनचे सगळे कोर मोजून सांगते, म्हणून तिथे आकडा हाताने लिहावा.

अवलंबित्वं तपासायला ग्नू मेकच्या ४.४ आवृत्तीत, २०२२ मध्ये, '--शफल' आलं. ते कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतं आणि बिल्ड मोडलं तर त्या क्रमाचा बीजांक त्रुटीच्या ओळीतच छापतं. तोच अंक पुन्हा दिला की तोच क्रम मिळतो. आधी '--शफल=रिव्हर्स' आणि '-जे १' लावून पाहावं; यॅकच्या त्या हेडरसारखी चूक असेल तर ती एका कोरच्या मशीनवरही पकडली जाते.