साडेपाच सेंटिमीटरच्या अलीकडे

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतला थर फाटला की रक्त दाबाने मधल्या थरात घुसतं आणि भिंत लांबवर उकलत नेतं. यालाच डिसेक्शन म्हणतात. हृदयालगतच्या भागात हे घडलं तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

नळी रुंदावली की तेवढ्याच रक्तदाबाला भिंतीवरचा ताण वाढतो, हा लाप्लासचा नियम. म्हणून धमनीचा व्यास ५.५ सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रिया, असा ठोकताळा रूढ झाला. पण २००७ साली अनेक देशांतल्या ५९१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयालगत डिसेक्शन झालेल्या सुमारे ५९ टक्के लोकांचा व्यास ५.५ पेक्षा कमीच निघाला. शिवाय फाटताना धमनी फुगते, म्हणजे त्याआधी ती आणखी लहान असणार.

मग मापाला अर्थच नाही का? आहे. चार सेंटिमीटरच्या आसपासची धमनी असणारी माणसं प्रचंड संख्येने आहेत, सहाची फार थोडी. प्रत्येकाचा धोका नगण्य असला तरी मोठ्या गर्दीतून एकूण रुग्ण जास्त येतात. एकट्या माणसाचा धोका मात्र व्यासाबरोबर चढतच जातो. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि रुग्णाला ते नीट समजावून सांगायलाच हवेत. माप लहान आहे म्हणून छातीत किंवा पाठीत अचानक उठलेली असह्य कळ कुणीही अंगावर काढू नये.

उंचीही बघावी लागते. धमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले उंची, हे गुणोत्तर १० च्या वर गेलं की तज्ज्ञ सावध होतात. व्यास ४.५ असेल तर क्षेत्रफळ सुमारे १५.९ चौरस सेंटिमीटर भरतं. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी उत्तर १०.६ येतं, १.८ मीटरच्या पुरुषासाठी ८.८. मार्फन सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असेल किंवा घरात कुणाला डिसेक्शन झालं असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर सुरू होतो.

एक-दोन मिलिमीटरचा फरक तर मोजण्यातूनच पडतो. छेद तिरका गेला की व्यास जास्त दिसतो. सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये भिंतीची कड धरण्याची रीतही वेगळी असते. त्यामुळे धमनी ‘वाढली’ म्हणण्याआधी दोन्ही वेळचे स्कॅन शेजारी ठेवून, त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे लागतात.