इन्स्टाग्राम

इन्स्टाग्राम : छायाचित्रे आणि लघुचित्रफिती इतरांना दाखवण्यासाठी मोबाइलवर वापरले जाणारे समाजमाध्यम. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ते ६ ऑक्टोबर २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केले. २०१२ पासून ते फेसबुक, म्हणजे आताच्या मेटा कंपनीकडे आहे. दरमहा ३०० कोटी लोक ते वापरतात, असे मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

सिस्ट्रॉम यांचे आधीचे ॲप होते ‘बर्बन’. आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवणे, पुढचे बेत ठरवणे, फोटो टाकणे अशा बऱ्याच सोयी त्यात होत्या आणि त्यामुळेच ते कोणाला नीट कळत नव्हते. लोक त्यात फोटो मात्र आवडीने टाकत. तेव्हा दोघांनी बाकी जवळजवळ सगळे काढून टाकले. फोटो, लाइक आणि कमेंट एवढेच ठेवले. हे वगळण्याचे धाडस पुढच्या यशाचा पाया ठरले.

त्या काळी फोनवरून फोटो टाकण्यात तीन अडचणी होत्या : फोटो साधारण यायचे, अपलोड व्हायला वेळ लागायचा आणि एकच फोटो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हापुन्हा टाकावा लागायचा. पहिल्या अडचणीवर फिल्टर, म्हणजे फोटोचे रंग आणि प्रकाश एका फटक्यात बदलणाऱ्या सोयी, आले. त्यामागची गोष्ट सिस्ट्रॉम यांनीच सांगितली आहे. मेक्सिकोत सुटीवर असताना त्यांची मैत्रीण (पुढे पत्नी) म्हणाली, की आपले फोटो एका मित्राच्या फोटोंइतके चांगले येत नाहीत, म्हणून आपण हे ॲप वापरणार नाही. तो मित्र फिल्टर वापरत असे. त्याच मुक्कामात सिस्ट्रॉम यांनी ‘एक्स-प्रो टू’ हा पहिला फिल्टर लिहिला. फिक्या प्रकाशातला, थोडा हललेला फोटोही त्यामुळे मुद्दाम तसा काढल्यासारखा दिसू लागला. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय कोणाच्या लक्षातही येत नसे : वापरणारा फोटोखाली ओळ लिहीत असतानाच अपलोड सुरू झालेले असे, त्यामुळे शेवटचे बटण दाबताच फोटो पोचल्यासारखा वाटे. आणि तोच फोटो त्याच वेळी फेसबुक, ट्विटर, फ्लिकरवरही टाकता येई. साहजिकच प्रत्येक वापरकर्ता इतरत्र या ॲपची फुकट जाहिरात करत होता. जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४च्या चांगल्या कॅमेऱ्याचीही वेळ नेमकी जुळून आली.

पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोकांनी ॲप घेतले आणि सर्व्हर कोलमडला. अडीच महिन्यांच्या आत वापरकर्ते १० लाखांवर गेले.

या आकर्षणाचे मूळ छायाचित्रणाच्या हौसेपुरते शोधले, तर निम्मेच उत्तर मिळते. आपले रोजचे जगणे कोणीतरी पाहावे, ही इच्छा सार्वत्रिक आहे. पण लिहायचे म्हटले की बहुतेक जण अडतात. फोटोला भाषा लागत नाही, शब्दसंपत्ती लागत नाही. स्वयंपाकघरातला डबा, पावसाळी खिडकी, नवी साडी यांना पाहण्याजोगे केल्याचे श्रेय या ॲपला द्यावेच लागते.

९ एप्रिल २०१२ रोजी फेसबुकने इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली. कंपनीत तेव्हा १३ माणसे होती, वापरकर्ते सुमारे तीन कोटी होते आणि उत्पन्न शून्य होते. त्याच जानेवारीत फोटोंच्या फिल्मसाठी जगप्रसिद्ध असलेल्या कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, त्यामुळे अनेकांनी हा व्यवहार वेडेपणाचा ठरवला. त्या वेळी हिशेब केला जात होता तो उत्पन्नाचा. फेसबुकने पैसे मोजले ते सवयीसाठी. लोकांची नजर संगणकाकडून फोनकडे आणि मजकुराकडून चित्राकडे वळत होती, आणि फोनवर फेसबुक दुबळे होते. किमतीचा काही भाग शेअरच्या रूपात होता. सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण होईपर्यंत शेअर घसरल्याने प्रत्यक्ष मोल सुमारे ७१.५ कोटी डॉलर भरले.

जाहिराती नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या. मासिकातल्या जाहिरातीसारखी देखणी जाहिरात फोटोंच्या ओघात मिसळून जाते, हे इथले वैशिष्ट्य. त्यात फेसबुककडे साठलेली आवडीनिवडीची माहिती जोडली गेली. न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांनुसार २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे जाहिरात-उत्पन्न ३,२४० कोटी डॉलर होते, यूट्यूबपेक्षाही जास्त.

मोठ्या कंपन्यांइतकाच, किंबहुना जास्त, फायदा लहान विक्रेत्यांना झाला, असे म्हणायला हवे. येवल्याची पैठणी, कोकणातला होमस्टे, घरगुती केक यांना शहरातल्या मोक्याच्या जागी दुकान घेणे परवडणारे नव्हते. आता फोटो इन्स्टाग्रामवर, भाव डीएममध्ये (खासगी संदेशात) आणि पैसे यूपीआयने, अशी विक्री महाराष्ट्रात रुळली आहे. मात्र हे भाड्याच्या गाळ्यातले दुकान आहे. कोणाची पोस्ट किती जणांपर्यंत पोचवायची, हे २०१६ पासून अल्गोरिदम, म्हणजे ॲपमधली स्वयंचलित निवड-पद्धत, ठरवतो. ‘रीच’ एकाएकी पडली तर विक्रेत्याला कारण कळत नाही आणि दादही मागता येत नाही. गिऱ्हाइकांचे फोन नंबर स्वतःच्या वहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे.

फॉलोअर असलेल्या व्यक्तींकडून करवून घेतलेली जाहिरात, म्हणजे ‘कोलॅब’, हा या अर्थव्यवस्थेचा दुसरा पाय. ओळखीच्या माणसाने सुचवलेली वस्तू आणि पैसे घेऊन दाखवलेली वस्तू यांतला फरक पडद्यावर दिसत नाही. म्हणून भारतीय जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये अशा पोस्टवर स्पष्ट खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही नियमावली काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

इन्स्टाग्रामची पुढची वाढ स्वतःच्या कल्पनांपेक्षा इतरांच्या कल्पना उचलून झाली. ऑगस्ट २०१६ मधील ‘स्टोरीज’ (एका दिवसात नाहीशा होणाऱ्या पोस्ट) स्नॅपचॅट या ॲपकडून आल्या. भारताने जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी घातल्यावर काही दिवसांतच टिकटॉकसारख्या लघुचित्रफिती, म्हणजे ‘रील्स’, भारतात सुरू झाल्या. टिकटॉकवर नाव कमावलेली निमशहरी आणि ग्रामीण मुले-मुली रील्सकडे वळली. संस्थापक दोघेही सप्टेंबर २०१८ मध्येच बाहेर पडले होते. ज्यासाठी ॲप जन्मले तो स्थिर फोटो आता रील्सच्या गर्दीत मागे पडला आहे, आणि हा तोटा खरा आहे : फोटो थांबून पाहता येतो, रील पुढच्या रीलकडे ढकलते.

मनावरच्या परिणामांची चर्चा सप्टेंबर २०२१ मध्ये पेटली. कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत अनेक किशोरवयीन मुलींनी, इन्स्टाग्राममुळे स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी वाढते असे सांगितल्याचे कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली.

२०१२च्या खरेदीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये मक्तेदारीचा खटला भरला. संभाव्य स्पर्धकाला निष्प्रभ करण्याविषयी मार्क झुकरबर्ग यांनी लिहिलेले ई-मेल त्यात पुरावा म्हणून आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी निकाल मेटाच्या बाजूने दिला : टिकटॉक आणि यूट्यूब समोर उभे असताना मेटाची आज मक्तेदारी आहे, हे कमिशनला सिद्ध करता आले नाही.