मोडेमला मेमरी कशाला लागायची?

डायल-अप मोडेम म्हटलं की लोकांना तो किर्रर्र आवाज तेवढा आठवतो. कॉम्प्युटरचा डेटा फोन लाइनवरून पाठवायला आवाज काढणारा डबा, त्याला मेमरी कशाला, असं वाटतं. पण लागायची, कारण १९९० मध्ये आलेलं व्ही.४२बिस हे कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा आवळून कमी बिटांत पाठवायची मोडेमची पद्धत.

मूळ आयडिया लेम्पेल आणि झिव्ह या संशोधकांची १९७८ ची, वेल्चने १९८४ मध्ये सुटसुटीत केलेली. डेटा पाठवता पाठवता मोडेम स्वतःची डिक्शनरी, म्हणजे येऊन गेलेल्या अक्षरजोड्यांची नंबरवार यादी, बनवत जातो. ० ते २ नंबर कंट्रोलचे, म्हणजे मोडेमांच्या आपसातल्या सूचनांचे, पुढचे २५६ सुट्या अक्षरांचे, म्हणजे नव्या नोंदी २५९ पासून. समजा 'कमलकमलकमल' पाठवायचंय, एक अक्षर एक बाइट धरा. क गेला, तो आणि पुढचा म मिळून 'कम' ही नवी नोंद झाली २५९. म गेला, 'मल' २६०. ल गेला, 'लक' २६१. आता पुढचं 'कम' आधीच आहे, नुसतं २५९ पाठवा, मग 'लक' २६१, 'मल' २६०, संपलं. सहा कोड, प्रत्येकी ९ बिट, ५४ बिटमध्ये ७२ बिटांचं काम. आणि गंमत म्हणजे डिक्शनरी पाठवावीच लागत नाही, पलीकडचा मोडेम आलेल्या कोडवरून हुबेहूब तीच बनवतो!

म्हणूनच दोन्हीकडे डिक्शनरीची साइज सारखी लागते. कनेक्ट होताना दोघं आपापला आकडा सांगतात, लहान असेल तो ठरतो, कमीत कमी ५१२ नोंदी. तुमच्याकडे २०४८ वाला भारी मोडेम असला आणि समोर ५१२ वाला, तर झालं, ५१२.

नोंदी झाडासारख्या ठेवल्या तर प्रत्येकीला अक्षराचा १ बाइट, आणि वरची, खालची, शेजारची नोंद कोणती हे सांगायला २-२ बाइट, एकूण ७. २०४८ ला १४ केबी, पाठवायची आणि घ्यायची डिक्शनरी वेगळी म्हणून २८ केबी. ३२ केबीच्या रॅममध्ये जेमतेम. जागा भरली की टोकाची, म्हणजे जिच्याखाली दुसरी नोंद नाही अशी, एखादी नोंद काढून टाकायची, तीही दोन्हीकडे तीच, एक बिट जरी चुकला तरी पुढचा सगळा कचरा, म्हणून त्याच्या खाली व्ही.४२ चं एरर करेक्शन, म्हणजे लाइनवर झालेली चूक पकडून दुरुस्त करणं.

बाकी खोक्यावरचं 'चौपट स्पीड' वाचून लोक कुणीतरी दिलेली लांबलचक इनिट स्ट्रिंग, म्हणजे मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञा, मंत्रासारखी टाइप करायचे. चौपट निघायचं ते फार तर साध्या मजकुरावर. झिप फाइल आधीच आवळलेली, तिथे व्ही.४२बिस गपचूप डेटा आहे तसा सोडून देतो. जुना एमएनपी ५ हा कॉम्प्रेशनचा प्रकार तेवढाही शहाणा नव्हता, तो झिप फाइल उलट फुगवायचा.