ओल आणि ऊन: घोरपडीच्या पिल्लाला काय लागतं

पाळीव घोरपडीचं पिल्लू ज्या पेटीत ठेवलेलं असतं, ती बहुतेक वेळा सारखीच दिसते. काचेची टाकी, तळाला बोटभर लाकडाचा भुसा, वर जाळीचं झाकण, झाकणावर एक दिवा आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. पिल्लू खातं, वाढतं, सुरुवातीला सगळं सुरळीत वाटतं. मग कात पूर्ण सुटेनाशी होते, बोटांवर आणि शेपटीच्या टोकाशी जुन्या कातड्याची कडी अडकून राहतात, डोळे किंचित खोल जातात, भूक मंदावते. मालक दिवा बदलतो, खाद्य बदलतो. तळातल्या त्या बोटभर भुश्याकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही, आणि खरी गोम तिथेच असते.

आधी एक गोष्ट उरकून टाकतो. भारतात आढळणाऱ्या घोरपडीच्या चारही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. जगभरातल्या सगळ्याच घोरपडींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या नियमांखाली येतो. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या पाळीव घोरपडींबद्दल, आणि मुख्यतः सवाना घोरपडीबद्दल. आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून तिची पिल्लं मोठ्या संख्येने बाहेर जातात. अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभरही नसतं. दोनेक वर्षांत तेच मीटरभर लांबीच्या जवळ पोहोचतं.

घोरपड म्हणजे मोठी पाल, अशी समजूत करून घेतली की पुढचं सगळं चुकत जातं. बहुतेक सरड्यांना पळता पळता नीट श्वास घेता येत नाही, कारण धावताना शरीर डावी-उजवीकडे वळवणारे स्नायू आणि छातीचा भाता हलवणारे स्नायू एकच असतात. घोरपडीने यावर तोड काढली आहे. ती गळ्याची पिशवी फुगवून हवा फुफ्फुसात ढकलते. हे १९९९ मध्ये सवाना घोरपडीवरच्या प्रयोगात दिसलं. गळ्याचं हे पंपिंग बंद पाडलं तेव्हा चालतानाचा तिचा प्राणवायूचा पुरवठा तोकडा पडला. २०१४ मध्ये याच जातीच्या फुफ्फुसात हवा पक्ष्यांसारखी बऱ्याच अंशी एकाच दिशेने वाहते, असंही आढळलं. थोडक्यात, हा भरपूर हिंडणारा, उकरणारा, शोधणारा प्राणी आहे. त्याचं इंजिन मोठं आहे, आणि ते चालायला उष्णता आणि पाणी दोन्ही भरपूर लागतं.

पाण्याची गोष्ट लोकांना पटत नाही. गवताळ, उन्हाने भाजलेल्या प्रदेशातला प्राणी, त्याला कोरडंच मानवत असणार, असा हिशेब केला जातो. पण पिल्लू त्या भाजलेल्या जमिनीवर दिवसाचा थोडाच वेळ असतं. बाकीचा वेळ ते बिळात असतं. घानातल्या पाहण्यांत ही पिल्लं मोठ्या रातकिड्यांनी खणलेल्या बिळांत राहताना सापडली आहेत. रातकिडा खायचा आणि त्याच्याच घरात बिऱ्हाड करायचं, असा रोखठोक मामला. जमिनीखाली काही वीत गेलं की हवा दमट असते, तापमान फारसं हलत नाही. कोरड्या ऋतूत मोठ्या घोरपडीसुद्धा बिळात पडून राहतात.

आता टाकीचा विचार करा. दिव्याने तापलेली हवा वर जाते, जाळीतून निसटते, तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा आत ओढली जाते. हे दिवसाचे बारा तास चालू असतं. पिल्लाच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडं पाणी बाहेर पडतं, आणि लपायला दमट जागा नसल्याने ते भरून निघत नाही. वाटीतलं पाणी ते पितं, पण ती तूट वाटीने भागत नाही. शिवाय घोरपडी शरीरातला नत्राचा कचरा मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात; विष्ठेबरोबर दिसणारा पांढरा गोळा तोच. शरीरात पाणी कमी पडलं की हे आम्ल नीट बाहेर जात नाही, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचू लागतात. माणसाच्या गाउटचाच हा भाऊबंद. बाहेरून लक्षणं दिसू लागतात तोवर मूत्रपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं.

म्हणून पहिला खर्च मातीवर करावा, असं माझं ठाम मत आहे. दिवे, थर्मामीटर, शोभेची झाडं हे सगळं नंतर. पिल्लासाठीही मातीचा थर किमान वीत-दीड वीत खोल हवा. मोठ्या जनावराला दोन फुटांच्या आसपास. खत किंवा कीटकनाशक न घातलेली साधी माती आणि थोडी वाळू, एवढं मिश्रण पुरतं. ओल किती असावी हे हाताला कळतं. मूठभर माती दाबून मूठ उघडली की गोळा टिकला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत, पण पाणी ठिबकता कामा नये. मग त्या मातीत बोट खुपसून एक भोक करा. भोक ढासळलं नाही तर पिल्लाचं बीळही ढासळणार नाही. भुसा, सालीचे तुकडे, कोरडी वाळू या परीक्षेत नापास होतात. पृष्ठभाग दिव्याखाली वाळतो आणि वाळू द्यावा. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यातून खाली जाईल असं ओतलं की तळाचा थर ओला राहतो. झाकण जाळीचं असेल तर बराचसा भाग बंद करून टाकावा, फक्त थोडी हवा खेळती राहील इतपत फट ठेवावी.

या मातीच्या वर ऊन हवं, आणि तेही मिळमिळीत चालत नाही. पेटीतल्या सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे दिव्याखालच्या दगडाचा किंवा फळीचा पृष्ठभाग ५० ते ६० अंश सेल्सियस असावा. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण घोरपड त्यावर तासभर बसत नाही. तिचं शरीर ३५ ते ३७ अंशांच्या आसपास आलं की ती आपणहून उठते आणि सावलीत किंवा बिळात जाते. पृष्ठभाग ३८-४० अंशांवरच अडकलेला असेल तर तीच पातळी गाठायला तिला तासन्‌तास दिव्याखाली पडून राहावं लागतं, आणि तेवढा वेळ ती नुसती सुकत जाते. म्हणजे दगड जास्त तापलेला असणं हे पाणी वाचवण्याच्याच कामी येतं. थंड टोकाला तापमान २४ ते २८ अंश असावं. हा उतार नसेल तर वरचं सगळं उलटतं, कारण पळून जायला जागाच उरत नाही.

दिवा एकच मोठा लावण्यापेक्षा कमी वॅटचे दोन-तीन हॅलोजन शेजारी शेजारी लावावेत. एका दिव्याचा झोत पाठीच्या मधोमध पडतो. तिथली कातडी भाजते आणि डोकं-शेपूट गारच राहतात. वाढत्या जनावराबरोबर हा प्रश्नही वाढतो. तापमान मोजायला पृष्ठभागावर रोखून वाचायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. काचेला चिकटवलेली तबकडी काचेचंच तापमान सांगते. विजेवर तापणारे कृत्रिम दगड विकायला असतात, ते आणूच नयेत. जनावर पोटाखालचा चटका वेळेवर ओळखत नाही आणि भाजून निघतं. उघड्या दिव्यापर्यंत उडी पोहोचत असेल तर दिव्याला जाळी हवी.

दिव्यासोबत अतिनील किरणांची ट्यूबही हवी. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याची पहिली पायरी या किरणांनी होते, पण दुसरी पायरी उष्णतेने पुरी होते. म्हणून ट्यूब आणि तापलेला दगड पेटीच्या एकाच बाजूला असावेत. खिडकीतून येणारं ऊन यात धरू नये. साधी काच हे उपयोगी किरण जवळपास अडवूनच टाकते. ट्यूब प्रकाश देत राहिली तरी तिचे अतिनील किरण काही महिन्यांत क्षीण होतात, हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं, कारण डोळ्याला तो फरक दिसत नाही.

खाण्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे उंदीर. घोरपड उंदीर गिळताना पाहायला लोकांना आवडतं, विकणाऱ्यालाही सोपं पडतं. पाण्याजवळ राहणाऱ्या मोठ्या जातींना उंदीर, मासे, खेकडे सगळं चालतं. पण सवाना घोरपडीच्या पोटातून जंगलात जे निघालंय त्यात रातकिडे, टोळ, भुंगे, गोगलगायी, वाणी किडे यांचाच भरणा आहे. पाठीचा कणा असलेली शिकार क्वचित. अशा प्राण्याला छोट्या पेटीत, अपुऱ्या उष्णतेत आठवड्याला चार उंदीर दिले की चरबी पोटात आणि यकृतात साठते. पोट जमिनीला घासणारी, सुस्त पडून राहणारी घोरपड ‘माणसाळलेली’ म्हणून कौतुकाने दाखवली जाते. बऱ्याचदा ती फक्त आजारी आणि जड झालेली असते.

पिल्लाला रोज खायला द्यावं, एका बैठकीत आवडीने संपवेल इतकं. किडा पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा. रातकिडे, टोळ, खाण्यासाठी वाढवलेली झुरळं, गांडुळं, गोगलगायी असा बदल ठेवावा. बागेतून पकडलेले किडे टाळावेत. त्यांच्या अंगावर काय फवारलंय ते कळत नाही. किडे देण्याआधी दिवसभर त्यांना पालेभाज्या, गाजर असं चांगलं खाऊ घालावं, कारण रिकाम्या पोटाचा रातकिडा म्हणजे बहुतांशी कवच आणि पाणी. काही महिन्यांनी दिवसाआड, पुढे मोठेपणी आठवड्यातून दोन-तीनदा.

किड्यांची खोट एकच, पण मोठी: त्यांच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. वाढत्या हाडांना हे प्रमाण उलटं लागतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतूनच उपसतं. जबडा रबरासारखा लवतो, बोटं थरथरतात, शेपटीला बाक येतो, चालताना पोट उचललं जात नाही. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्यायची. एका डब्यात चिमूटभर पूड, त्यात किडे, डबा दोनदा हलवला की ते पांढरे होतात. लगेच खाऊ घालावेत, नाहीतर किडे अंग साफ करून पूड झटकतात. गोगलगाय शंखासकट दिली तर तिचं कॅल्शियम ती स्वतःच घेऊन येते. जीवनसत्त्वांची मिश्र पूड मात्र अधूनमधूनच. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही विषारी ठरतं.

आणि खाल्ल्यावर ऊब. पचनाचा वेग शरीराच्या तापमानावर ठरतो. पोट भरलेलं पिल्लू रात्री गारठलं तर आतलं अन्न पचण्याऐवजी कुजू लागतं आणि उलटून बाहेर येतं. म्हणून जेवण सकाळी, दिवे लागून दगड तापल्यावर.

नव्याने आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही, तेव्हा कारण बहुधा भीती असते. या वयात जंगलात त्याला पक्षी, साप, आणि इतर घोरपडीही खातात. कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडीची पिल्लं तर मोठ्यांच्या भीतीने पहिली काही वर्षं झाडावरच काढतात. त्यामुळे चहूबाजूंनी उघड्या काचेत बसवलेलं पिल्लू भुकेपेक्षा सुटकेचा विचार जास्त करतं. तीन बाजूंच्या काचेवर कागद लावावा. दिव्याखाली लाकडाच्या फळ्या एकावर एक, मधे थोडी फट सोडून रचाव्यात. अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांमध्ये ही रचना फ्रँक रेटेस यांच्या नावाने ओळखली जाते. वरची फळी सर्वांत गरम, खालची गार. पिल्लू पाठ-पोट दोन्ही बाजूंनी आधार मिळेल अशा फटीत घुसतं आणि बाहेर न येताच हवं ते तापमान निवडतं. त्याला पकडून ‘सवय लावण्याची’ घाई करू नये. रोज तोच माणूस, त्याच वेळी चिमट्यात किडा धरून शांत बसला की पुढचं पिल्लू ठरवतं.

जागेचा हिशेब आणण्याआधीच करावा. पहिले काही महिने १२० बाय ६० सेंटिमीटरची पेटी पुरते. मोठ्या सवाना घोरपडीला सुमारे २४० बाय १२० सेंटिमीटर आणि तेवढीच, म्हणजे १२० सेंटिमीटर उंची लागते, आणि त्यात दोन फूट थराची दोन टनांच्या वर माती सहज बसते. ते वजन पेलणारी जमीन घरात नसेल तर ही जात आपल्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची अॅकी घोरपड दोन-सव्वादोन फुटांवर थांबते. जागा थोडी असलेल्यांनी आधी तिचा विचार करावा.

पिल्लू एकदा रुळलं की सगळे किडे वाटीत वाढून देऊ नयेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोरपडीच्या आठ पिल्लांपुढे झडपा असलेली पारदर्शक नळी ठेवली होती, आत उंदीर. आधी कोणीही शिकवलं नसताना आठही पिल्लांनी दहा मिनिटांच्या आत झडप उघडून डोकं आत घातलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यांना त्याहून कितीतरी कमी वेळ लागला. तेव्हा काही किडे पालापाचोळ्याखाली, काही लाकडाच्या भेगेत, काही मातीत सोडावेत. शोधण्यात त्याची सकाळ जाते आणि नखंही झिजतात. पेटीच्या सरकत्या काचेला मात्र पहिल्या दिवसापासून कुलूप हवं.