पिपाणीवाला फिंच आणि बोलका सील

पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्या दुकानात लाल चोचीचा, नारिंगी गालांचा एक चिमुकला पक्षी पाहिला असेल. झेब्रा फिंच, तोही नर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. वजन जेमतेम 12 ग्रॅम, आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा. हार्बर सील राहतो उत्तरेकडच्या थंड समुद्रांत, आणि भरतो 100 किलोच्या आसपास. या दोघांची तुलना म्हणजे चिमणीशेजारी म्हैस बांधण्यासारखंच. पण ऐकलेला आवाज शिकून आपल्या गळ्यातून काढणं दोघांनाही जमतं. चिंपांझीला ते धड जमत नाही.

फिंचचं पिल्लू महिन्याभराचं व्हायच्या सुमारास बापाचं गाणं कानात साठवू लागतं. मग आपल्या बाळासारखंच बोबडं पुटपुटतं, चुकतं, पुन्हा घोटतं. साधारण 90 दिवसांत गाणं पक्कं होतं, आणि जन्मभर तेच राहतं. शिकायच्या दिवसांत गुरू भेटला नाही, तर गाणं वेडंवाकडं होतं. मादी गात नाही. ती फक्त ऐकते आणि पसंत-नापसंत ठरवते.

सीलच्या बाबतीत हूव्हरची गोष्ट सांगायलाच हवी. 1971 साली अमेरिकेतल्या मेन राज्यात हे अनाथ पिल्लू एका जोडप्याने घरी आणून वाढवलं. व्हॅक्यूम क्लीनरसारखं खायचं, म्हणून त्या यंत्राच्या प्रसिद्ध ब्रँडवरून नाव हूव्हर. पुढे ते बॉस्टनच्या मत्स्यालयात गेलं आणि वयात आल्यावर चक्क घोगऱ्या पुरुषी आवाजात ‘कम ओव्हर हिअर’, ‘हॅलो देअर’ म्हणू लागलं. तेही मेनकडच्या हेलात!

यंत्रं मात्र अगदी निराळी. पक्ष्याचा आवाज निघतो श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या सिरिंक्समधून. सीलकडे आपल्यासारखंच स्वरयंत्र, वर जीभ आणि ओठ. म्हणून त्याला माणसाचे शब्द उच्चारता आले. शिवाय बुडी मारणाऱ्याला श्वास हवा तसा रोखता-सोडता यावाच लागतो. तीच सवय आवाजाच्याही कामी येत असावी, असं अनेक संशोधक मानतात.

नेदरलँड्समधल्या सील-निवारा केंद्रात एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांना समुद्राचा गोंगाट ऐकवला, तेव्हा त्यांनी आपला आवाज खालच्या पट्टीत नेला. म्हणजे आवाजावरचा ताबा इतक्या लहानपणीच दिसतो. आई जेमतेम महिनाभर दूध पाजून निघून जाते. फिंचसारखा शिकवणारा बाप इथे नाहीच. वयात आलेला नर पाण्याखाली डरकाळ्या फोडतो, माद्यांसाठी. मला वाटतं, हूव्हरची ‘कम ओव्हर हिअर’ ही हाक बहुधा त्याच वर्गातली होती.